रुपरावांचं वाकडं जहाज

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी यांचं नाव तोंडाने घेत नाही, पण कागदावर लिहायला काय हरकत आहे? रुपराव भोयर. वीज मंडळातून निवृत्त झालेले कारकून, मूळचे पारशिवनीकडचे, आता सक्करदऱ्यात आमचं स्वतःचं घर आहे. माणूस गरीब स्वभावाचा. जेवणात नखरा नाही, व्यसन नाही. खोड एकच, पण तिने माझ्या डोक्याचं दही केलं आहे. हाती घेतलेलं काम हा माणूस शेवटाला नेत नाही.

आमच्या फाटकाचं एक दार हिरवं आहे आणि दुसरं गंजलेलं. न्हाणीघरातल्या टाइल्स कमरेपर्यंत लागल्या, उरलेल्या जिन्याखाली पडून आहेत. हार्मोनियम आणलं, ते चार-दोन सुरांनंतर कपाटावर गेलं. आमचा मुलगा पियुष लहान असताना, तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात तो लाकडी बैल विकत आणू दिला नाही, मीच करतो म्हणाले. पोळा उजाडला तेव्हा बैलाला शिंगं नव्हती. पोरगं तसाच बैल ओढत गल्लीत फिरलं आणि घरी येऊन माझ्या कुशीत रडलं. यांचं घोडं कुठे अडतं ते मला पाठ आहे. पहिलं अर्ध्यावर आलं की यांना दुसरं सुचतं. म्हणून मी एकच पालुपद लावलं होतं, की हातातलं एक पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मी शिक्षिका होते, शाळेत मुलांना सांगायची तेच घरी सांगत आले.

यांच्या वाढदिवसाला पियुष आणि सूनबाई भूमिका पुण्याहून आले. भेट म्हणून त्यांनी लाकडी जहाजाचं खोकं आणलं. आत पातळ पट्ट्या, फासळ्या, दोरे आणि चित्रांची पुस्तिका, आणि सगळं आपणच जोडायचं. देताना पियुष हसून म्हणाला, "बाबा, हे तरी पूर्ण करा." सगळे हसले, हेही हसले. पाहुणे गेल्यावर मात्र यांचा चेहरा उतरला होता.

"हे झालंच पाहिजे वं," मला म्हणाले. "नाही तं पोरापुढं बोलाले तोंड राहणार नाही."

समुद्र आम्ही एकदाच पाहिला, गणपतीपुळ्याला, आणि तिथेही यांनी पायजमा गुडघ्याच्या वर नेला नाही. अशा माणसाने जहाज बांधायला घेतलं, तेही मे महिन्यात. जेवणाचं टेबल गेलं. आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. मधला कणा आणि त्यावर आडव्या फासळ्या बसवून झाल्या, तोवर ठीक होतं. मग पट्ट्या पाण्यात भिजवायच्या, वाकवायच्या आणि फासळ्यांवर चिकटवायच्या. कूलरच्या ओलसर हवेत चिकटवलेल्या पट्ट्या कूलर बंद केल्यावर आकसायच्या आणि मध्ये फटी पडायच्या. यांनी त्या उखडल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा उखडल्या. शेवटी कूलरच बंद ठेवायचा हुकूम काढला. नागपूरच्या मे महिन्यात! मी आतल्या खोलीत ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पडायची आणि मनातल्या मनात पोराला शिव्या घालायची.

पण खरं सांगते, मी गप्प बसले, कारण हा माणूस पहिल्यांदाच दुसरं काही काढत नव्हता. शेजारचे नत्थूजी घड्याळ उघडून द्या म्हणून आले, त्यांना सरळ नाही म्हणाले. कपडे वाळत घालायचे माझे सगळे चिमटे जहाजाला लागले. एक पट्टी, मग तिला लागून दुसरी, मग तिसरी, असं करत जहाजाची अख्खी डावी बाजू झाली. फटी भरल्या, घासून गुळगुळीत केली. हे तिच्यावरून हात फिरवत बसायचे. मी कौतुकाने शिरा केला.

दोन-चार दिवसांत डावी बाजू पुरती वाळली आणि जहाज वाकलं. कणाच डावीकडे ओढला गेला. समोरून पाहिलं तर चांगला बाक दिसत होता.

यांनी चष्मा लावून पुस्तिका उघडली. चित्रात स्पष्ट होतं, एक पट्टी डावीकडे, तर लगेच एक उजवीकडे, म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा राहतो. ते पान यांनी आधीही पाहिलं होतं. पण एक बाजू अर्धी टाकून दुसरीला हात घालायचा, हे यांना पटलं नव्हतं.

"काहून नाही पटलं?" मी विचारलं.

"तूच तं सांगत आली जन्मभर, एक झाल्याशिवाय दुसरं नाही घ्यायचं. एकदा ऐकलं तुह्यं."

मला इतका संताप आला की स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. ऐकायचं तर बैलाच्या, टाइल्सच्या वेळी ऐकायचं होतं, आणि ऐकलं कुठे, तर या मेल्या जहाजात.

पियुषला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो चांगल्या मनानेच म्हणाला, की बाबा, हे राहू द्या, मी नवीन सेट पाठवतो. यांनी नको एवढंच म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला. मग जहाजावर जुनं धोतर टाकलं. मला वाटलं, संपलं. जेवणाचं टेबल परत मिळेल या विचाराने बरंही वाटलं आणि वाईटही.

टेबल मिळालं नाही. पावसाळ्यात यांनी धोतर काढलं आणि उजवी बाजू सुरू केली. वाकलेल्या कण्यावर एकही पट्टी नीट बसेना. प्रत्येक पट्टी वेगळी कापायची, तासायची, दाबून धरायची. पट्ट्या मोडल्या, बोटं कापली, यांच्या तोंडी न शोभणारे शब्द घरात ऐकू आले. मी दोनदा सोडा म्हटलं. यांनी पुढची पट्टी तासायला घेतली. मग डेक, डोलकाठ्या, दोरे.

दिवाळीच्या तोंडावर शेवटची गाठ मारून हे बाजूला झाले. उजव्या पट्ट्यांनी थोडं ओढून धरलं होतं, पण जहाज वाकडंच होतं. तरी पूर्ण होतं. एक दोरा सुटलेला नव्हता, एक पट्टी उरली नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता. राग आला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत राग आला. या माणसाला जमतच नाही, असं मनाला समजावून मी इतकी वर्षं काढली होती. जमत नाही म्हणून मी यांना माफ करत आले, माहेरी, शेजारी, पोरासमोर यांची बाजू घेत आले. आणि इथे तर सगळं बिघडल्यावरही हा माणूस शेवटापर्यंत गेला होता.

"म्हणजे येत होतं तुम्हाले," मी म्हणाले.

यांनी जहाजाच्या वाकड्या कण्यावरून बोट फिरवलं.

"मले तरी कुठं माहीत होतं," म्हणाले.