मशीनवरचं पहिलं कापड

"उलटा पाय मारू नको, दोरा तुटतोय," आत्येसासूबाई आमच्या मसोली गावात अशा ओरडल्या की चारोटीच्या हायवेवर ट्रकवाल्यांनी ब्रेक मारले असतील. माझं हे पहिलं मशीन त्यांनीच बैल पारखावा तसं निवडलं होतं. मोटरवालं हलकं म्हणून नापास, पायाचं चौघांना उचलेना म्हणून पास. घरची रीत अशी की नव्या मशीनवर पहिलं कापड थोरल्या बाईचं शिवायचं. त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नात घालायच्या ब्लाउजचंच कापड पुढ्यात टाकलं, आणि तलासरीतलं ते लग्न परवावर आलेलं. मशीनच्या तेलाच्या वासात दिवसभर शिवल्यावर कळलं, मी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्यात. जास्तीचं कापड चिंधीभरही नव्हतं. आज गावभरचे ब्लाउज शिवते, पण तो वास आला की अजून आधी बाह्या जुळवून बघते. रडवेली होऊन मी त्यांना सांगितलं. त्यांनी ब्लाउज चढवला, हात वरखाली करून पाहिला आणि म्हणाल्या, "लग्नात पदर दोन्ही खांद्यांवरून घेते मी, उजवा खांदा पदराखालीच असतो."