अण्णाजींच्या लिंबोणीला लागलेली नजर

पडदा वर जातो. नाचणगावातल्या अंगणात फिकट ठिपक्यांनी मलूल झालेलं लिंबोणीचं झाड उभं आहे आणि त्याच्याच फांदीला बाजारातून विकत आणलेली लिंबू-मिरची टांगली आहे! शेजारच्या तानबाच्या नजरेनं एकुलतं झाड मरणार, अशी अण्णाजींची खात्री होती. जन्मभर गिऱ्हाइकांना कापड उलटून दाखवणाऱ्या या दुकानदारानं झाडाचं पान मात्र उलटलं नव्हतं. त्यांच्या पत्नी कोकिळाबाईंनी कोऱ्या कागदावर फांदी झटकली. बारीक लाल ठिपके चालू लागले.

"अजी, लाल कोळी हाये हा किडा! पानाच्या खालून रोज जोरानं पाणी मारा."

अण्णाजींनी पाइप धरला. पंधरवड्यात कोवळी पालवी फुटली.

"झाड सुधरलं, अण्णाजी!" कुंपणापलीकडून तानबा म्हणाला.

"मांगं सरक! तुयी नजर धुवाले मले पंधरा दिवस लागले!"