अक्काच्या फोटोतलं कुंकू

मागच्या रविवारी देवासहून धारला अक्काकडे गेलो होतो. पिशवीत एकाच फोटोच्या दोन प्रती होत्या, आणि त्यातली कुठली बाहेर काढायची या काळजीत घाटाबिल्लोद कधी मागे पडलं कळलंच नाही...

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. दाजी बरेच दिवस इंदूरला दवाखान्यात होते, ते घरी आले त्या दिवशी भाच्याने दारातच दोघांचा फोटो काढला. अक्काला तो मोठा करून भिंतीवर लावायचा होता, आणि माझ्या घरी प्रिंटर आहे म्हणून काम माझ्याकडे आलं.

मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस. प्रिंटर मुलाने ऑफिसच्या कामाला आणला, पण आता जास्त मीच वापरतो. नातेवाइकांचे फोटो काढून देतो, आणि दर वेळी कागद अडकेल, शाई पसरेल, काहीतरी बिघडेल अशी धाकधूक असतेच.

आधी साध्या कागदावर काढून बघितला. रंग सगळे धुतल्यासारखे फिके. साधा कागद शाई पिऊन टाकतो हे आता मला कळलंय, म्हणून चांगला मॅट कागद आणला. दुकानदार म्हणाला, "ले जाओ भिया, फ्रेम में यही अच्छा लगता है, चमक नहीं मारता।"

मॅटवर फोटो आला आणि बघतो तर... अक्काचं कुंकू काळं दिसत होतं.

दाजी नुकते एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेले, आणि भिंतीवर काळं कुंकू लावलेली अक्का! आल्यागेल्याने बघून काही बोललं तर? अक्काच्या मनाला लागलं तर? बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "फोटोतलं काळं आहे, कपाळावरचं नाही. उगीच जीव काढू नका."

सूनबाईची शाळा सगळी हिंदीत झाली, पण कंप्यूटरचं तिला बरं कळतं. ती म्हणाली, "बाबा, कागद मॅट लावलाय आणि सेटिंगमध्ये ग्लॉसी ठेवलंय. मग शाई ज्यादा पडणारच ना!" तिने कागदाचा प्रकार बदलून दिला. शाई नीट वाळू द्या आणि ट्यूबलाइटखाली नको, दिवसाच्या उजेडात बघा, असंही सांगितलं.

तसं केलं. गच्चीवर नेऊन बघितलं. अक्काची हिरवी साडी, दाराची निळी चौकट, सगळं मोबाइलसारखंच आलं होतं. कुंकू मात्र अजून गडदच... काळं नाही, पण लालही म्हणवेना. मी फोटो पालथा घालून ठेवला.

शेवटी चकचकीत ग्लॉसी कागद घेतला आणि लाल रंग वाढवत गेलो. कुंकू लालभडक झालं. त्याबरोबर दाजींचे गाल गुलाबी झाले, मागची भिंतही गुलाबी झाली. सूनबाई हसत सुटली, "बाबा, आतोबा तर एकदम दूल्हा दिसतायत!" म्हटलं, दिसू देत... शकुन तर चांगला.

धारला पोचल्यावर तो लालच बाहेर काढला. दाजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. चष्मा लावून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बाळू, हा तुझ्या अक्काशेजारी कोण रे? खात्यापित्या घरचा दिसतोय!"

अक्का हसली नाही. फोटो खिडकीशी नेऊन ती बघत राहिली. "आणि माझं कुंकू असं कसं? टिकली चिकटवल्यासारखं. मी मेणावर लावते रे, ते काळपटच दिसतं. आपल्या आईचं काय असं लाल दिसायचं?"

आईचं कपाळ डोळ्यांसमोर आलं... मेणावर बोटाने घट्ट बसवलेलं कुंकू, दुपारपर्यंत चांगलं गडद झालेलं. म्हणजे सेटिंग बदलल्यावर प्रिंटरने बरोबर रंग दिला होता, आणि मीच तो बिघडवत बसलो होतो.

मग भीत भीत मॅटवरचा काढला. त्यात दाजी त्या दिवशी होते तसेच आहेत... पांढुरके, गाल बसलेले. मला वाटलं, आता ही रडणार.

तिने तो पदराने हलकेच पुसला. "हाच लावायचा. हे ह्याच रंगात घरी आले."

"घ्या, म्हणजे भिंतीवर मी कायमचा आजारी!" दाजी म्हणाले.

"गप बसा," अक्का म्हणाली, आणि तेव्हा कुठे हसली.

फोटो फ्रेमवाल्याकडे टाकूनच परत निघालो. लाल प्रत पिशवीतच घरी आणली, फेकवली नाही. दाजी आता कुणाचा हात न धरता ओसरीपर्यंत जातात, असं अक्काने कालच फोनवर सांगितलं. देवाची कृपा... त्यांच्या गालांवर त्या लाल प्रतीतल्याएवढा रंग आला की तीही नेऊन देईन.