शालिकरामचा सर्वपक्षीय आहार

विमा एजंटाच्या पोटाला सुटी नसते. शालिकराम भोयर ऐन तरुणपणी नागपूरच्या प्रताप नगरातली घरं पालथी घालू लागला, तेव्हा त्याने धंद्याचा एकच मंत्र पाठ केला होता: समोरच्याला 'नाही' म्हणायचं नाही. गिऱ्हाईक चहा म्हणालं की चहा, तर्री-पोहे म्हणालं की बशी पुढे. एका घरी कोथिंबिरीची सांबारवडी, दुसऱ्या घरी पोरगा पास झाल्याचे पेढे. असं करत करत त्याने अर्ध्या प्रताप नगराच्या जिवाची हमी घेतली आणि स्वतःचा जीव पन्नाशीत शर्टाच्या दोन बटणांच्या भरवशावर आणून ठेवला.

त्याची काही तक्रार नव्हती. बायको कौशल्या बोलायची, तो ऐकायचा आणि ऐकता ऐकता आणखी एक पोळी मागायचा. पण भूमिकाचं लग्न ठरलं आणि पंचाईत झाली. भूमिका ही त्याच्या थोरल्या बहिणीची, प्रेमिलाची एकुलती एक लेक, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. त्यांच्या घराण्याची रीत अशी की नवरीने मांडवात पायी यायचं नाही. मामाने तिला दोन्ही हातांवर उचलून बोहल्यापर्यंत आणायचं. शालिकरामला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. लहानपणी भूमिका जमिनीवर कमी आणि त्याच्या खांद्यावर जास्त राहिली होती. ही एक रीत आपल्या हातून व्हावी, एवढीच त्याची हौस होती.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी सभागृहाचा जिना चढताना तो दोनदा कठड्याला धरून उभा राहिला. वरून प्रेमिला पाहत होती.

"का गा शालिक," ती म्हणाली, "तुले स्वतःले वर आणता येऊन नाही राहिलं, पोरीले कसा आणशीन? सुशीलले सांगू का?"

सुशील म्हणजे या दोघांचा चुलतभाऊ, नात्याने भूमिकाचा मामाच. तो जिमला जायचा आणि लोकांना ते कळावं म्हणून ऐन थंडीत बिनबाह्यांचा बनियन घालून फिरायचा.

"काही गरज नाही बाई," शालिकराम धापा टाकत म्हणाला. "लग्नाले टाइम आहे. मी होतो बारीक."

इथवर सगळं ठीक होतं. चूक पुढे झाली. हा गृहस्थ सल्ला मागायला गेला तो नेमका आपल्या गिऱ्हाइकांकडे. नागपुरात पत्ता विचारला तर एक जण सांगतो, वजन कसं उतरवायचं ते विचारलं तर अख्खी गल्ली सांगते. रामदासपेठेतले एक वकील म्हणाले, "भात-पोळी एकदम बंद. तूप, लोणी, पनीर पाहिजे तेवढं खा." शालिकराम म्हणाला, "बरोबर आहे साहेब." निवृत्त शिक्षिका यमुताई म्हणाल्या, "तुपाले हात लावायचा नाही. ज्वारीची भाकर खा, कितीही खा." शालिकराम म्हणाला, "बरोबर आहे मॅडम." एकाने दिवसातून दोनदाच पण मनसोक्त जेवायला सांगितलं, एकाने सकाळी नुसती फळं, एकाने शनिवारचा उपास.

आता ऐकावं कुणाचं? एकाचं धरलं तर बाकीचे रुसणार. त्याने कुणालाच दुखवलं नाही. सगळ्यांचंच धरलं. ज्याने जे खायला सांगितलं ते इमानेइतबारे खाल्लं आणि ज्याने जे सोडायला सांगितलं ते दुसऱ्या कुणीतरी खायला सांगितलेलंच होतं. सकाळी डझनभर केळी-संत्री. मग यमुताईंची भाकर आणि तिच्यावर वकिलांचं तूप. दोनदाच जेवायचं म्हणून जेवण असं, की ताटावरून उठताना कौशल्येचा हात लागायचा. शनिवारी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण त्याच्या बाबतीत तोकडी पडत होती, कारण दुपटीवर तो थांबत नव्हता.

"अवो, हे डाएट आहे का लग्नाची पंगत?" कौशल्येने एकदा विचारलं.

"तुले नाही समजत वं. सायन्स आहे हे."

सायन्सने महिनाभरात त्याचं वजन तीन किलोने वाढवलं. त्याने काट्यात दोष काढला. दुसऱ्या दुकानातल्या काट्याने आणखी अर्धा किलो जास्त दाखवलं, तेव्हा त्याला पहिला काटा फार प्रामाणिक वाटू लागला.

एका रविवारी तो प्रेमिलाकडे गेला. पाटवडी-रस्सा केला होता. शालिकराम सरसावून बसला. शेजारी भूमिका वाटीभर उकडलेले मूग आणि काकडी घेऊन बसली होती. पोरीचे गाल पार बसले होते.

"काय वं, फोटोसाठी उपाशी मरून राहिली का?" तो चिडवू लागला. "लहेंगा नाही आला तर ढिला करता येते ना बापा!"

ती नुसती हसली, वाटी उचलून आतल्या खोलीत निघून गेली. प्रेमिलाने हातातला डाव खाली ठेवला.

"फोटोसाठी नाही, तुह्यासाठी," ती म्हणाली. "मी सुशीलचं नाव काढलं का भांडते माह्यासंगं. म्हणते, मामाच उचलतीन मले. त्यायचं वजन उतरलं नाही तर मी माह्यं उतरवतो. साक्षगंधापासून पोटभर जेवली नाही पोरगी."

शालिकरामच्या हातातली पाटवडी हातातच राहिली. त्याला भयंकर लाज वाटली. खरं सांगायचं तर रडूच आलं, पण तोंडात मोठा घास असल्यामुळे तेही धड जमेना. त्याने तो कसाबसा गिळला, ताट सारलं आणि आत गेला.

"भूमी," तो म्हणाला, "उद्यापासून तू जे खाशीन तेच मी खाईन. तू उपाशी तर मीबी उपाशी. तू नीट जेवशीन तर मीबी नीट जेवीन. आता मले मारायचं का जगवायचं, तुह्यावर आहे."

"मामा, तुम्ही ब्लॅकमेल करून राहिले."

"एजंट आहो मी. करतोच."

मुगाची वाटी त्याच दिवशी बंद झाली. वरण, भाजी, काकडी, एक भाकर. दोन्ही वेळेला फोनवर एकमेकांना ताट दाखवायचं आणि मगच घास उचलायचा. खरी कसोटी गिऱ्हाइकांच्या घरी होती. पहिल्या दिवशी पोह्यांच्या बशीला "नाही" म्हणताना त्याची जीभ अशी अडखळली, की समोरच्या बाईंनी घाबरून पाणी आणलं. पण धंदा बुडाला नाही. यमुताई तेवढ्या आठवडाभर फुगून बसल्या. भाकर त्यांचीच होती, पण ती एकच खातो, याचं त्यांना वाईट वाटलं.

लग्नापर्यंत तो शिडशिडीत झाला, असं म्हणणारा खोटं बोलेल. थोडा मावळला, इतकंच. मुहूर्ताच्या वेळी सुशील घट्ट शेरवानी घालून जवळच उभा होता, गरज पडलीच तर. शालिकरामने मारुतीचं नाव घेतलं आणि भूमिकाला उचललं. गुडघे बोलले, पण हात बोलले नाहीत. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. दोन्हीकडच्या माणसांमधून तो सावकाश निघाला आणि बोहल्याच्या अगदी पुढ्यात येऊन थांबला. थांबला तो थांबलाच. प्रेमिलाने तोंडाला पदर लावला. सुशील पुढे सरसावला.

"मामा, दम लागला का?" भूमिकाने हळूच विचारलं.

"नाही वं," शालिकराम म्हणाला. "तुले खाली ठेवायचं मनच होऊन नाही राहिलं."

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. शेवटी मुहूर्त टळून राहिला म्हणून भटजी ओरडले, तेव्हा कुठे त्याने तिला खाली ठेवलं.