काकांची न चालवायची मोटार

दारात चालू अवस्थेतली मोटार उभी असताना दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीत पायी जाणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. नवरा असं लिहिणं बरोबर नाही. ते माझ्याहून वडील आहेत, मी त्यांच्याच घरी राहून कॉलेज करते, आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि तेही त्यांच्यामुळेच. तरी लिहिते, कारण मला त्यांचा राग आलेला आहे. तो तसा रोजच येतो.

काका सैन्याच्या वर्कशॉपात होते. मूळचे साताऱ्याकडचे, शेवटची बदली जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी इथेच, गोपालपुऱ्यात घर केलं. मोटार तेव्हाची, एका साहेबांनी बदलीवर जाताना विकलेली. छोटी, चौकोनी, दुधाळ रंगाची, एके काळी प्रत्येक बऱ्या घरापुढे दिसायची तशी. "आता तुला उन्हात चालायला नको," असं काका तेव्हा मावशीला म्हणाले होते. मग एका हिवाळ्यात शहरात जुन्या मोटारींचा मेळा भरला. तिथे कुणा फेटेवाल्या गृहस्थांनी काकांना सांगितलं, "संभालकर रखिए, हवलदार साहब. जितनी कम चलेगी, उतनी बढ़िया क्लासिक बनेगी." त्या दिवसापासून मावशी उन्हात चालते आहे.

मोटारीत काका बसतात, पण चपला बाहेर काढून. सीटवरचं प्लास्टिक साहेबांनीही काढलं नव्हतं, काकाही काढत नाहीत. त्याच्यावर बसून ते पेपर वाचतात आणि घामाने चिकटले की हळूच सुटे होतात. रविवारी इंजिन चालू करायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि बंद करायचं. टायर एका जागी दबू नयेत म्हणून जॅक लावून चाकं हाताने फिरवायची. मी एकदा म्हटलं, "काका, गल्लीत एक चक्कर मारली तर ती आपोआप फिरतील." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की उरलेली चाकं मी मुकाट्याने फिरवली. पॉलिश तर इतकं, की मागच्या मोकळ्या प्लॉटवरच्या मोराला मोटारीच्या दारात दुसरा मोर दिसला आणि तो चोचीने मारामारीला लागला. काका काठी घेऊन धावले, आणि पक्षी राष्ट्रीय आहे हे आठवून अर्ध्यात थांबले. माजी सैनिक, मारणार कसे? शेवटी "साहब, आप उधर जाइए," असं त्याला विनवत राहिले. गेल्या थंडीत पहाटे गारा पडल्या तेव्हा त्यांनी माझ्या आणि मावशीच्या अंगावरच्या रजया ओढून मोटारीवर घातल्या. आम्ही दोघी सतरंजीत कुडकुडत बसलो. "तिला ताप आला तर काढा करायला मला उठवू नका," मावशी म्हणाली.

समोरच्या हॉस्टेलातली कोचिंगची मुलं विचारतात, "अंकल, ये चलती भी है?" काका गरजतात, "चलती है. चलाते नहीं हैं!" तिला खटारा म्हणणाऱ्या दूधवाल्याचं दूध बंद झालं, आणि तेव्हापासून आम्ही त्याच्याहून पातळ दूध पितो. मी भीत भीत विचारलं होतं, की अशा गाड्या घरोघरी होत्या, मग ही दुर्मिळ कशी होणार? "बाकीचे भंगारात घालतायत की! लोकांच्या मूर्खपणावर माझा पूर्ण भरवसा हाय," काका म्हणाले. "माझा एकाच माणसाच्या मूर्खपणावर हाय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

खरं सांगायचं तर मला कळत नाही. कदाचित काकांचं बरोबरही असेल. कुठली जुनी वस्तू किमती होते आणि कुठली नुसतीच जुनी राहते, हे मी कोण सांगणार? पण या वर्षी मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि व्यायामासाठी तिला दवाखान्यात न्यायला काकांनी ई-रिक्षा थांबवली आणि मला तिच्यासोबत बसवलं. रस्ता खणून ठेवलेला. प्रत्येक गचक्याला मावशी माझा दंड आवळायची. घरी आलो तर काका मोटारीचे आरसे पुसत होते. मोठ्या माणसापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "काका, ही क्लासिक होईल तेव्हा हिच्यात बसायला मावशी असेल का?" अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण मला रडू आलं, आणि रडल्यावर राग फुकट जातो म्हणून आणखी राग आला. "कॉलेजात हेच शिकवतात व्हय?" काका म्हणाले, आणि पुसलेलाच आरसा पुसत राहिले.

पुढच्या खेपेला मोटार रस्त्यावर उभी होती, इंजिन चालू. मावशी काठी टेकत आली. काकांनी दार उघडलं. "बस."

"नको. मीटर पुढं जाईल."

"जाऊ दे."

"इतकी वर्षं न्हाई गेलं, आता माझ्या गुडघ्यासाठी कशाला? मला न्यायचं होतं तवा नेलं न्हाई. ए भैया, रुको!"

आम्ही ई-रिक्षात बसलो. मला वाटलं, काका मोटार आत घेतील. नाही घेतली. आमच्या मागोमाग निघाले. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "माताजी, वो सफेद गाड़ीवाले अंकल पीछा कर रहे हैं. जान-पहचान है?"

"थोड़ी-सी," मावशी म्हणाली.

बायपासच्या सिग्नलला मोटार बंद पडली. मागचे हॉर्न वाजवू लागले, काका खिडकीतून डोकं काढून साऱ्या जयपूरला रागावले, मग ती घरघरत पुन्हा सुरू झाली. मावशीने मान वळवली नाही.

"येतायत का गं?"

"येतायत."

"लई रागात?"

"लई."

काकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि मावशीचा तर माझ्याहून पुष्कळ जुना. मग पुढे वाकून तिने रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. "भैया, जरा धीरे चलो. पीछेवाली गाड़ी पुरानी है."