समुद्र दिसतो का? हो

कुठल्याही घरात शिरले की आधी नळ सोडून बघतात. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावतात. पायऱ्या मोजतात, पण ओठ हलू देत नाहीत. चहा उभ्यानेच पितात. बसलं की घर उगाच आवडायला लागतं म्हणे. खाली विजेच्या मीटरांपुढे थांबतात आणि कोणता चालतोय, कोणता झोपलाय ते वहीत टिपतात.

ऑफिसात सगळे त्यांना इंचभाऊ म्हणतात. कर्ज देण्याआधी बँक घराची किंमत काढून घेते. ते आमचं काम. इंचभाऊ घर मोजतात, मी त्यांच्या अहवालांची भाषा नीट करतो. साहित्यात एम.ए. करून मिळालेली ही माझी पहिली नोकरी.

ते पंधरा वर्षं हेच करतायत. आधी इथे घरं घ्यायची ती बंदरावरची माणसं, मास्तर, दुकानदार. मग बाहेरच्यांना किनारा आवडला. पाच वर्षांत दर दुप्पट झाले, पगार होते तिथेच राहिले. इमारती उभ्या राहिल्या, पण दहातले चार मीटर झोपलेले. घरं वाढली, राहणारे वाढले नाहीत. हे सगळं इंचभाऊंच्याच तिमाही तक्त्यात असतं.

स्वतः ते भाड्याने राहतात. तिसरा मजला, तीन खोल्या, बायको आणि अंथरुणाला खिळलेली आई. घरमालकीण तळमजल्यावर. तिला ते मावशी म्हणतात. मावशी कायमची मुलीकडे निघाली तेव्हा त्यांना म्हणाली, "वरचं घर बाहेरच्याला कशाला देऊ? तूच भाव काढ. तुझ्या कागदावर येईल त्या किमतीला घर तुझं. घासाघीस नाही."

त्या आठवड्यात इंचभाऊ ऑफिसात शीळ घालत होते. किती कर्ज मिळेल ते बँकेत विचारून आले होते. घर त्यात बसत होतं. जेमतेम, पण बसत होतं.

रविवारी त्यांनी घर मोजलं आणि नेहमीचा छापील नमुना भरला. त्यात एक रकाना असतो: समुद्र दिसतो का? 'हो' लिहिलं की किंमत दहा टक्क्यांनी चढते. त्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून मान डावीकडे वळवली, तर दोन इमारतींच्या फटीत समुद्राची बोटभर पट्टी दिसते. त्यांनी 'हो' लिहिलं. कागद मावशीला देऊन आले.

सोमवारी मी त्याची प्रत वाचली.

"इंचभाऊ, हे काय केलंत?"

"शेजारच्या फ्लॅटलाही मी 'हो'च लिहिलंय. फट तीच."

"पण हे तुमचं घर आहे!"

"लिहिताना लक्षातच आलं नाही रे, माझं आहे ते."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. वहिनी म्हणाल्या, "ओट्यावर चढून कोण समुद्र बघतं हो? बारा वर्षं मी तिथे भाजी चिरतेय. मला समोरची पाण्याची टाकी दिसते."

"पण दिसतो ना."

"मग बसा त्यात पाय सोडून."

मावशीच्या जावयाने कागद पाहिला होता. एवढी किंमत असेल तर बाजारात लावू, म्हणाला. मावशीने तरी आधी इंचभाऊंना विचारलं, एवढे जमतील का. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मग कमी लिहायचं होतंस की रे गाढवा," म्हणाली आणि रडायला लागली.

दोन आठवड्यांत घर गेलं. घेणाऱ्याने फोटोच पाहिले. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या.

आम्ही दोघं घर शोधत फिरलो. लिफ्ट हवी किंवा तळमजला, दवाखाना जवळ हवा. प्रत्येक मालक वाढलेलं भाडं सांगायचा. इंचभाऊंनी तोंड उघडलं की हसायचा. "भाऊ, तुमच्याच तक्त्यातला दर आहे. तुम्हाला काय सांगायचं?" जिथे परवडत होतं, तिथे आईला वर नेता येत नव्हतं.

मग घेणाऱ्याच्या बँकेने कर्जासाठी घर मोजून द्या असा कागद पाठवला. तो आमच्याच ऑफिसात आला.

"तुम्हीच जाऊन या," साहेब म्हणाले. "तुम्हाला तर पाठच असेल."

टेपचं टोक धरायला मी सोबत गेलो. वहिनींनी दार उघडलं. "या साहेब. चपला बाहेर काढा."

बाहेरची खोली झाली. स्वयंपाकघर झालं. आतल्या खोलीत आई पडून होत्या.

"कोण आलंय?"

"मीच, आई."

"मग दारात काय उभा? आत ये की."

भिंतीलगत टेप धरून त्यांनी लांबी लिहिली. रुंदी घ्यायची तर खाट सरकवायला हवी होती. मी खाटेला हात लावला. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि टेप गुंडाळली.

"उद्या करू."

याला आज सहा दिवस झाले. ते रोज वेळेवर येतात, दुसऱ्यांची घरं मोजून येतात. साहेब माझ्याकडे तो अहवाल मागतात. कागद माझ्या टेबलावर आहे. आतली खोली, लांबी बारा फूट चार इंच. रुंदीची जागा कोरी आहे.