उजवीकडून ओढलेली रेघ

शारजाजवळच्या हमरियातल्या ऑफिसात डबा उघडत होते, तेवढ्यात प्रधानकाकांच्या मुलाचा, अजयचा फोन आला. "ताई, बाबा गेले गं..." प्रधानकाकांना जाऊन आता पाच आठवडे झाले. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसते, पण एक गोष्ट कबूल केल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही.

काकांनी शारजातल्या एका बँकेत आयुष्यभर सह्या तपासल्या आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मराठी मंडळात तेच काम फुकट, पण दुप्पट कडकपणे केलं. सभासदांच्या सह्यांचा अर्ज आला की प्रत्येक सही त्या त्या माणसाच्या सभासद-फॉर्मवरच्या सहीशी ताडून बघायची. नवऱ्याच्या नावापुढे बायकोने ठोकलेली सही त्यांना लगेच कळे. "वहिनी, अकाउंट जॉइंट असेल, मत नाही!" म्हणत ते ती खोडत, आणि वहिनी महिनाभर अबोला धरत. मला हाताशी घेऊन त्यांनीच शिकवलं. "नाव कोणीही गिरवेल. पेन कुठून सुरू झालं ते बघ. माझीच सही घे... अरबी कागदांत जन्म गेला, खालची रेघ मी उजवीकडून ओढतो. पण ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंग लावल्याशिवाय सही बाद करायची नाही. खलास!"

काकू गेल्यानंतर मंडळाची अल मजाजमधली वाचनखोली हेच त्यांचं घर झालं होतं. रविवारी दुबईतल्या जबल अलीच्या लेबर कॅम्पवरून कामगार यायचे, काका त्यांना पेपर वाचून दाखवायचे, फॉर्म भरून द्यायचे. कमिटीने ती खोली बंद करायचं ठरवलं. ते थांबवायला खास सभा हवी होती आणि सभेसाठी शंभर मतदार-सभासदांच्या सह्या. नेमका तेव्हाच काकांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात थरथरू लागला, आणि तपासणी माझ्या गळ्यात पडली.

मुदतीच्या संध्याकाळी कॅम्पवरचे पवार शेवटचा कागद घेऊन धावत आले. नव्व्याण्णव सह्या जुळल्या. शंभरावी काकांची होती, पार वेडीवाकडी. "मॅडम, माझ्यासमोर केलीय हो त्यांनी!" पवार काकुळतीला आले. ओळखीच्या माणसाची म्हणून पास केली, असं कोणी म्हणेल याची मला धास्ती. घड्याळ बघत मी ती बाद केली. खोली गेली.

काकांना मीच सांगितलं. "नियम म्हणजे नियम. बरोबर केलंस... भिंग लावलं होतंस ना?"

"हो, काका."

लावलं नव्हतं. त्यानंतर ते घराबाहेर पडलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर अजयने काकांचं भिंग माझ्या हातात दिलं. ते मलाच द्यायचं, असं काकांनी सांगून ठेवलं होतं म्हणे. घरी येऊन मी मंडळाची त्या अर्जाची फाइल उघडली. काकांच्या सहीतली अक्षरं कोलमडलेली होती. पण भिंगाखाली पेन टेकल्याचा शाईचा ठिपका रेघेच्या उजव्या टोकाला होता, आणि तिथून ती डावीकडे निमुळती होत गेली होती, फॉर्मवरच्यासारखीच. भिंग अजून त्याच कागदावर ठेवलेलं आहे, मला ते उचलवत नाही. शंभर भरल्या होत्या, काका... हे आता कोणाला जाऊन सांगू?